ज्यांना धर्मग्राम नव्हता, त्यांचे धर्मगुरू : डॉन बॉस्को



आपल्या गावात, वस्तीत किंवा मंडळात तरुणांसाठी काहीतरी करावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मग एक बैठक होते, समिती नेमली जाते, वक्ते बोलावले जातात. दोन-तीन महिने उलटले की समोर मोजकेच चेहरे उरतात, आणि तेही बहुधा आधीपासून येणाऱ्यांचेच. जे कधी आलेच नाहीत, त्यांचा विचार कोणी करायचा?

हाच प्रश्न 1841 साली इटलीतील तुरीन शहरात एका तरुण कॅथलिक धर्मगुरूंना पडला. त्यांचे नाव जोव्हान्नी बॉस्को. इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी आदराने 'डॉन' लावतात, म्हणून जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते. त्यांनी शोधलेले उत्तर आजही कोणत्याही पंथाच्या, कोणत्याही संस्थेच्या युवाकार्याला उपयोगी पडेल असे आहे. या, त्यांचे जीवन थोडे जवळून पाहू या.

वडिलांविना वाढलेला मुलगा

जोव्हान्नीचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी पिडमाँट प्रांतातील बेक्की नावाच्या लहानशा वस्तीत झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा वडील न्यूमोनियाने गेले. घरात म्हातारी आजी, मोठा सावत्र भाऊ अंतोनियो, सख्खा भाऊ ज्युसेप्पे आणि या सर्वांचा भार उचलणारी आई मार्गेरिता. त्याच वर्षी दुष्काळ पडला. घरात अन्न उरले नाही, तेव्हा आईने गोठ्यातले वासरू कापून मुलांना जगवले. ती निरक्षर होती. पण श्रम, सत्य आणि ईश्वरावरील श्रद्धा हे संस्कार तिने मुलांना आपल्या वागण्यातून दिले.

नऊ वर्षांचा असताना जोव्हान्नीला एक स्वप्न पडले. अंगणात खूप मुले खेळत होती. काही भांडत होती, शिव्या देत होती. तो धावून गेला आणि ठोसे मारून त्यांना गप्प करू लागला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि समजावले की, या मुलांना मारून जिंकता येणार नाही. सौम्यतेने आणि प्रेमानेच त्यांना आपलेसे करावे लागेल. हे स्वप्न त्याच्या मनातून कधीच गेले नाही. पुढचे सारे आयुष्य म्हणजे त्या स्वप्नाचा अर्थ शोधणे होते, असे म्हटले तरी चालेल.

लहानपणीच त्याने एक युक्ती साधली. जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे, जादूगारांचे खेळ तो बारकाईने पाही आणि घरी येऊन सराव करी. मग रविवारी दोरीवरून चालून दाखवी, हातचलाखी करी. गावची मंडळी जमत. तिकीट एकच असे : खेळाच्या मध्ये सर्वांनी प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेला उपदेश त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचा. ज्याला प्रार्थना नको, त्याला पुढचा खेळ नाही!

शिक्षणाची वाट मात्र सोपी नव्हती. शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तके कशाला, असे अंतोनियोचे मत. घरातील भांडणे इतकी वाढली की आईने बारा वर्षांच्या जोव्हान्नीला घराबाहेर पाठवले, आणि तो मोलिया कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राबला. पुढे कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला प्रेमाने लॅटिन शिकवले. पण 1830 मध्ये तेही वारले. अखेर किएरी गावच्या शाळेत जाता आले, तेव्हा राहण्याखाण्याचा खर्च भागवण्यासाठी त्याने शिंपीकाम केले, कॉफीच्या दुकानात काम केले, मिळेल ते केले. ही सर्व कामे पुढे त्याच्या उपयोगी पडली.

किएरीतच त्याने मित्रांचे एक मंडळ काढले. नाव ठेवले 'आनंद मंडळ'. नियम अगदी थोडे : ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे-वागणे नको, आपले कर्तव्य नीट पार पाडायचे, आणि आनंदी राहायचे. धर्म आणि आनंद यांची फारकत त्याने तेव्हाही केली नाही, नंतरही नाही.

तुरुंगात दिसलेले चेहरे

5 जून 1841 रोजी जोव्हान्नी बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील अभ्यासासाठी ते तुरीनला आले. तेथे त्यांचे मार्गदर्शक डॉन काफास्सो त्यांना तुरुंगात घेऊन जात. तेथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले उवांनी भरलेल्या अंगाने, अर्धपोटी पडलेली त्यांनी पाहिली. काही जण सुटत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत. डॉन बॉस्को यांच्या लक्षात आले की, बाहेर पडल्यावर या मुलांची वाट पाहणारे कोणीच नाही, म्हणून ती परत येतात. सुटलेल्या मुलाला बाहेर एखादा मित्र भेटला, सणाच्या दिवशी कोणी त्याच्याकडे लक्ष दिले, तर?

त्या काळी तुरीन झपाट्याने वाढत होते. बांधकामे जोरात होती. डोंगरातून, खेड्यांतून मुले गवंड्याच्या हाताखाली, धुराडी साफ करायला, फरशा बसवायला येत. आता येथे एक गोष्ट समजून घेऊ या. कॅथलिक व्यवस्थेत प्रत्येक चर्चच्या भोवती ठरावीक वस्ती असते. तिला पॅरिश म्हणतात. आपल्याकडे वसई भागातील मराठी ख्रिस्ती समाज तिला 'धर्मग्राम' म्हणतो. जन्म, दीक्षा, विवाह, मृत्यू, सारे धर्मग्रामाच्या नोंदीत. पण खेड्यातून आलेल्या या मुलांना शहरात आपला धर्मग्राम कोणता, हेच ठाऊक नव्हते. धर्मग्रामालाही ती ठाऊक नव्हती. ना घर, ना शाळा, ना चर्च, अशी ही मुले रविवारी रस्त्यावर असत.

8 डिसेंबर 1841. पवित्र मरियेचा सण होता. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्साची तयारी करत होते. एक मुलगा कोपऱ्यात घुटमळत उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्साला मदत करायला सांगितले. मुलाला ते येत नव्हते, म्हणून सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून घेतले. हा माझा मित्र आहे, असे सेवकाला सुनावले. मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, काम गवंड्याचे, आईवडील दोघेही वारलेले, लिहिता-वाचता येत नाही. लहान मुलांमध्ये बसून धर्मशिक्षण घ्यायची त्याला लाज वाटत होती. डॉन बॉस्को यांनी त्याला एकट्याला तेथेच शिकवायला सुरुवात केली. पुढच्या वेळी तो मित्रांना घेऊन आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत संख्या वीसच्या आसपास गेली.

वाचकहो, एवढ्या मोठ्या कार्याची सुरुवात कशी झाली, ते पाहिलेत ना? ना फलक, ना उद्घाटन. अपमान झालेल्या एका मुलाला परत बोलावून घेतले, एवढेच.

जागेसाठी वणवण

मुलांची संख्या शेकड्यांवर गेली आणि अडचणी सुरू झाल्या. डॉन बॉस्को या मेळाव्याला 'ऑरेटरी' म्हणत. ऑरेटरी म्हणजे प्रार्थनेची जागा. पण जागाच टिकेना. बारोलो या धनाढ्य सरदारपत्नीच्या संस्थेत ते धर्मगुरू म्हणून नोकरीला होते; तेथे काही काळ दोन खोल्या मिळाल्या, त्या सोडाव्या लागल्या. गिरण्यांजवळच्या सेंट मार्टिनच्या चॅपेलात गेले, तर गोंगाटाची तक्रार झाली. भाड्याच्या खोल्या घेतल्या, तर इतर भाडेकरू वैतागले. शेवटी एका मोकळ्या कुरणात ते जमू लागले. तेथे एका बाजूला बसून डॉन बॉस्को पापनिवेदन ऐकत आणि दुसऱ्या बाजूला मुले खेळत. गवत मुळापासून तुडवले जाते म्हणून मालकांनी तेथूनही निघायला सांगितले.

शहराचे अधिकारी मार्किस कावूर यांना इतक्या मुलांच्या जमावात राजकीय धोका दिसत होता. काही धर्मग्रामांचे प्रमुख म्हणत होते की, हा मनुष्य आमची मुले आमच्यापासून तोडतो आहे. डॉन बॉस्को यांनी त्यांना शांतपणे समजावले की, यातील बहुतेक मुले परगावची आहेत. कोणत्याच धर्मग्रामात त्यांची नोंद नाही, आणि येथे आली नाहीत तर ती कोठेच जाणार नाहीत. ते त्यांना पटले. महागुरुस्वामी फ्रान्सोनी यांनीही पाठिंबा दिला.

सर्वात कठीण होते ते आपल्याच माणसांचे सल्ले. हितचिंतक म्हणाले, वीसेक लहान मुले ठेवा आणि बाकीच्यांना निरोप द्या. बारोलोबाई त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने म्हणाल्या, दोन्ही कामे झेपणार नाहीत. मुले सोडा किंवा माझी संस्था सोडा. संस्था सोडणे म्हणजे पगार आणि निवारा दोन्ही गमावणे. विचारासाठी वेळ घ्या, असेही त्यांनी सांगितले. डॉन बॉस्को यांना वेळ लागला नाही. त्यांनी मुलांची निवड केली.

मोठे अंगण, कार्यशाळा, चर्च यांची स्वप्ने ते बोलून दाखवत, तेव्हा काहींना वाटले की यांचे डोके फिरले आहे. त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी दोन धर्मगुरू बग्गी घेऊन आले. डॉन बॉस्को यांनी आदराने त्यांना आधी बसायला सांगितले, बाहेरून दार लावले आणि गाडीवानाला इस्पितळाकडे पिटाळले, अशी आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे.

अखेर कुरणातल्या शेवटच्या रविवारी वाल्दोको भागातील पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी भाड्याने मिळू शकते, असा निरोप आला. छत इतके खाली होते की जमीन खणून खोल करावी लागली. 12 एप्रिल 1846, ईस्टरच्या दिवशी मुले तेथे जमली. ऑरेटरीला घर मिळाले.

आईचा वाटा

त्याच वर्षी जुलैत अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारात पोहोचले. गवंडीकाम करणाऱ्या त्या मुलांनी उपास केले, रात्री जागून प्रार्थना केली. ते वाचले. पूर्ण विश्रांतीसाठी गावी गेले आणि नोव्हेंबरमध्ये परतले, तेव्हा सोबत अठ्ठावन्न वर्षांची आई होती. स्वतःचे घर, नातवंडे सोडून मार्गेरिता शहरातल्या त्या बकाल वस्तीत राहायला आली. तिने लग्नातली वस्त्रे चर्चच्या उपयोगासाठी दिली, सोन्याची साखळी विकली. 1847 मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. त्याला तिने जेवू घातले आणि झोपायला जागा दिली. तेथून वसतिगृह सुरू झाले.

तिचीही सहनशक्ती एकदा संपली. मुलांनी खेळता खेळता तिची भाजीची बाग तुडवली, कपडे हरवले, भांडी पळवली. मी आता गावी जाते, असे तिने मुलाला सांगितले. डॉन बॉस्को यांनी काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती पुन्हा कामाला लागली. 1856 मध्ये तिचे निधन झाले. तोवर सारी मुले तिला आईच म्हणत होती. युवाकार्याच्या इतिहासात भाकरी करणाऱ्या, फाटके शिवणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते. येथे ती केली पाहिजे.

रविवार आणि उरलेले सहा दिवस

ऑरेटरीचा रविवार कसा असे? सकाळी लवकर पापनिवेदन, मग मिस्सा. त्यानंतर बायबलमधील किंवा चर्चच्या इतिहासातील एखादा प्रसंग गोष्टीच्या रूपात. मग खेळ, वाचन-लेखनाचे वर्ग. दुपारी धर्मशिक्षण, सायंप्रार्थना, आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत खेळ, गाणी. डॉन बॉस्को स्वतः मैदानात असत. एखाद्याच्या कानात हळूच एक वाक्य सांगत, दुसऱ्याला पापनिवेदनाची आठवण करून देत, तिसऱ्याची विचारपूस करत. मैदान हेच त्यांचे मुलांना ओळखण्याचे ठिकाण होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. सोमवार उजाडला की ते मुलांच्या कामाच्या ठिकाणी जात. बांधकामावर, दुकानात, कारखान्यात. मुलाला वाटे, माझी कोणी चौकशी करतो; मालकाला कळे, या पोराच्या मागे कोणी आहे. बेकार मुलांसाठी ते काम शोधत. मालकांशी लेखी करार करत. 1852 मधील अशा एका करारात, सरकारी मुद्रांकाच्या कागदावर, सुतार मालकाने मुलाला दोन वर्षांत धंदा शिकवण्याचे, चुकल्यास मार न देता शब्दांनी समजावण्याचे, सणावारी सुटी देण्याचे आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे मान्य केले. मुलानेही मन लावून काम करण्याचे वचन दिले. खाली मालक, मुलगा, त्याचे वडील आणि डॉन बॉस्को, अशा सर्वांच्या सह्या. वाणिज्य शाखेत करार कायदा शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने हा कागद जरूर आठवावा : ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याच्यासाठी करार हीदेखील सेवाच आहे.

पिडमाँटमध्ये 1850 पासून दशमान मापे सक्तीची होणार होती. कामगार मुले हिशेबात फसू नयेत म्हणून डॉन बॉस्को यांनी 1849 मध्ये दशमान पद्धतीवर सोपे पुस्तक लिहिले. 1850 मध्ये मुलांची परस्पर साहाय्य संस्था निघाली. प्रत्येक सभासदाने दर रविवारी एक छोटे नाणे भरायचे. कोणी आजारी किंवा बेकार झाला तर त्याला रोज ठरावीक मदत मिळे. पुढे 1853 पासून वाल्दोकोतच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई यांच्या कार्यशाळा एकामागून एक उभ्या राहिल्या.

मुलांमधूनच कार्यकर्ते

1848-49 हा इटलीत राजकीय वादळाचा काळ. डॉन बॉस्को यांना मदत करणारे काही तरुण धर्मगुरू मुलांना मिरवणुकांत नेऊ लागले. त्यांनी विरोध केला, तेव्हा मदतनीस सोडून गेले. शेकडो मुले आणि ते जवळजवळ एकटे. येथे कार्य थांबू शकले असते.

त्यांनी मदतनीस बाहेर शोधण्याऐवजी समोरच्या मुलांकडे पाहिले. 1849 मध्ये चार जणांना निवडून ते त्यांना शिकवू लागले. त्यांत बुझेत्ती हा गवंडीकाम करणारा होता आणि गास्तिनी हा न्हाव्याच्या हाताखालचा. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. मुलांची लहान मंडळे निघाली आणि ती मुलांनीच चालवली. 1854 मध्ये तुरीनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. लोक आपल्याच घरच्या रुग्णांना सोडून पळत होते, तेव्हा ऑरेटरीतील मोठी मुले रुग्णांना उचलून नेण्यास, त्यांची शुश्रूषा करण्यास पुढे झाली. त्यांतील एकालाही लागण झाली नाही. त्याच वर्षी आलेला दोमिनिको साव्हिओ हा मुलगा 1856 मध्ये सोबत्यांसह एक मंडळ काढतो. नवीन आलेल्या, एकट्या पडलेल्या, त्रासदायक मुलांशी मैत्री करायची, हे त्या मंडळाचे काम. पुढच्याच वर्षी, पंधरा पूर्ण होण्याआधी तो गेला. चर्चने पुढे त्याला संत घोषित केले.

18 डिसेंबर 1859 रोजी डॉन बॉस्को यांच्या खोलीत अठरा जण जमले. संत फ्रान्सिस द सेल्स या सौम्य स्वभावाच्या संतांच्या नावाने तेथे सलेशियन संघ स्थापन झाला. जमलेल्यांत बहुतेक सर्व त्यांचेच विद्यार्थी. मिकेले रुआ बावीस वर्षांचे, काल्येरो एकवीस वर्षांचे. 1872 मध्ये मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह मुलींसाठी काम करणारा भगिनीसंघ उभा राहिला. 1875 मध्ये काल्येरो पहिल्या तुकडीसह अर्जेंटिनाला रवाना झाले.

प्रेम समजले पाहिजे

1877 मध्ये डॉन बॉस्को यांनी आपली पद्धत थोडक्यात लिहिली. तिचे तीन आधार : विवेक, धर्म आणि जिव्हाळा. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होऊ नये म्हणून सोबत राहणे, हे तिचे सूत्र. 1884 मध्ये रोमहून त्यांनी वाल्दोकोला एक व्यथित पत्र पाठवले. संस्था मोठी झाली होती, शिस्त होती. पण शिक्षक मैदानातून कडेला सरकले होते आणि मुले मन मोकळे करत नव्हती. केवळ प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलाला जाणवले पाहिजे, असा त्या पत्राचा आशय होता. त्यासाठी मुलांना आवडते त्यात आधी आपण रस घ्यावा. मग आपल्याला मोलाचे वाटते त्यात तीही रस घेतील.

31 जानेवारी 1888 रोजी तुरीन येथे त्यांनी देह ठेवला. 1 एप्रिल 1934 रोजी पोप पायस अकरावे यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांचे सलेशियन 1906 मध्ये भारतात तंजावरला आले. मुंबईकर वाचकांना माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा परिचित असेलच. तिचे नाव याच गवंडीपोरांच्या मित्राचे आहे.

आता आपली पाळी

मित्रांनो, हे चरित्र वाचून आपण काय करणार? आपण एखाद्या धर्मग्रामाच्या युवागटात असा, गावच्या मंडळात असा किंवा सेवाकेंद्रात असा, या आठवड्यात चार गोष्टी करून पाहा. आपल्या कार्यक्रमाला जे येत नाहीत, त्यांची यादी करा. बाहेरगावाहून कामाला आलेली मुले तिच्यात आधी येऊ द्या. त्यांतील एकाला त्याच्या कामाच्या जागी जाऊन भेटा, आणि पहिल्या भेटीत उपदेश टाळा. त्याची मजुरी, त्याची झोपण्याची जागा, त्याची सुटी यांची चौकशी करा. जमेल ती मदत करा. आणि तो येऊ लागला की त्याच्या हाती एखादे खरे काम सोपवा, जे त्याच्याशिवाय होणार नाही.

खोली लहान असली तरी चालेल, पैसा थोडा असला तरी चालेल. डॉन बॉस्को यांच्याकडे काही काळ स्वतःचे छतही नव्हते. मुलांना मात्र रविवारी ते कोठे भेटतील, हे नेहमी ठाऊक असे. आपल्या वस्तीतल्या मुलांना आपण कोठे भेटाल, हे त्यांना आजच सांगून ठेवा.